डोळे उघडेच राहिले म्हणून तो तळमळला असं नाही

प्रश्न कोल्हापूरच्या एका ताईंचा आहे. त्यांचा टिप्या, पॉमेरेनियन, १३ वर्षांचा. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारा आकडा) ९.८ वर गेलं, आणि तीन आठवड्यांपूर्वी इंजेक्शन देऊन त्याला शांत करावं लागलं. ताई लिहितात: "त्याचे डोळे उघडेच राहिले. डॉक्टर 'गेला' म्हणाले, त्यानंतरही त्यानं दोनदा जोरात श्वास घेतला. मी त्याला मारलं का? त्याला आत्मा असतो का, त्याचं काही करायचं असतं का? रोज पहाटे पाचला फरशीवर त्याच्या नखांचा आवाज येतो. सासूबाई म्हणतात, कुत्रंच होतं, माणूस गेल्यासारखं काय करतेस. सहा वर्षांच्या मुलीला आम्ही सांगितलंय की टिप्याला गावाला पाठवलं."

ताई, मी साताऱ्यात जनावरांचा डॉक्टर आहे. २८ वर्षं झाली. पहिली नऊ वर्षं माण-खटावात गायी, म्हशी, बैल केले. मग शहरात दवाखाना टाकला, तिथं बहुतेक कुत्री-मांजरंच येतात. आत्म्याबद्दल मला तुमच्याइतकंच कळतं. त्या डोळ्यांबद्दल मात्र नक्की कळतं, म्हणून आधी ते.

झोपलो की डोळे मिटतात, त्यामुळे जीव गेल्यावरही मिटतील असं आपण धरून चालतो. पण पापणी मिटायला स्नायू आवळावा लागतो. जीव गेला की अंगातले सगळे स्नायू सैल पडतात, पापणीचाही पडतो, आणि डोळा उघडा राहतो. माणसांचेही राहतात. घरातलं कुणीतरी पुढे होऊन हातानं मिटवतं, म्हणून नंतर कुणाच्या ध्यानात राहत नाही. कुत्र्याचे मिटवले तरी बऱ्याचदा पुन्हा उघडतात.

आता तो श्वास. आम्ही आधी गुंगीचं औषध देतो आणि मग शिरेतून थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटॉल. ही मुळात भुलीचीच औषधं, फक्त मात्रा कितीतरी जास्त. शिरेत गेल्यावर काही सेकंदांतच ज्या भागामुळे कळतं, दुखतं, भीती वाटते तो मेंदूचा भाग बंद होतो. त्याच्यामागून श्वास थांबतो, मग हृदय. हे सगळं झाल्यावरही मेंदूच्या अगदी खालच्या भागातून एखादा हुकूम सुटतो आणि छाती एकदा-दोनदा वर उचलली जाते. कधी पाय थरथरतो, कधी लघवी होते. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण ते सोसायला आत कुणी उरलेलं नसतं. टिप्याला शेवटचं जे कळलं ते तुमच्या मांडीवर डोकं ठेवून गुंगी येतानाचं. त्यानंतरचं तुम्ही पाहिलंत, त्यानं नाही.

हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, याचा राग तुमच्या पत्रात आहे आणि तो रास्त आहे. सुरुवातीची काही वर्षं मीही सांगत नसे. वाटायचं, आधीच रडणाऱ्या माणसाला आणखी कशाला घाबरवा. एकदा एक आजोबा म्हातारं मांजर घेऊन आले होते. मी स्टेथोस्कोप कानातून काढला, "गेलं" म्हणालो, आणि त्या मांजरानं श्वास घेतला. आजोबांनी माझं मनगट घट्ट धरलं. "अजून आहे हो डॉक्टर, थांबवा, मला नाही करायचं." त्यांना समजवायला अर्धा तास लागला आणि त्यांना ते पटलं असं आजही मला वाटत नाही. तेव्हापासून सिरिंज भरायच्या आधी मी खुर्ची ओढून बसतो आणि डोळे, श्वास, लघवी या तिन्हींबद्दल सांगून ठेवतो.

'मी त्याला मारलं का' याचं उत्तर तुमच्या रिपोर्टांतच आहे. मूत्रपिंडाचा स्वभाव फार फसवा. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर सुमारे पाऊण काम आधीच थांबलेलं असतं, आणि मेलेला भाग परत उगवत नाही. कुत्र्यात क्रिएटिनिन पाचच्या वर गेलं की आम्ही शेवटचा टप्पा धरतो. टिप्याचं जवळपास दुप्पट होतं. तोंडाला अमोनियासारखा वास, हिरड्यांवर फोड, पाणी प्यायलं तरी उलटी, हे सगळं तुम्हीच लिहिलंय. जे विष लघवीवाटे जायचं ते रक्तात साठत होतं. आणखी आठ दिवस ताणलं असतं तर आठ दिवस जास्त सलाईन लागलं असतं, एवढाच फरक.

एक गोष्ट मात्र मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिली आहे. ज्यांनी इंजेक्शनला होकार दिला ते म्हणतात, घाई केली. ज्यांनी नाही दिला ते म्हणतात, उगाच ताणलं, हाल केले त्याचे. ज्यांचं जनावर झोपेतच गेलं ते म्हणतात, आम्हाला कळलंच कसं नाही. 'वेळ बरोबर साधली' असं म्हणणारा माणूस मला फार क्वचित भेटला. अपराधीपणा चूक मोजून येत नाही, ज्याच्या हाताखाली तो जीव होता त्याच्याकडे येतो. तेरा वर्षं त्यानं कधी खायचं, कधी फिरायचं, कोणती गोळी घ्यायची हे तुम्ही ठरवलंत. शेवटचंही तुम्हालाच ठरवावं लागलं, कारण त्याला ठरवता येत नव्हतं.

आत्म्याचं विचारलंत. मी शास्त्री नाही, पण आपल्याकडच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्यात आणि धंद्यामुळे त्यांतली जनावरं माझ्या जरा जास्त लक्षात राहिलीत. महाप्रस्थानाला निघालेल्या युधिष्ठिराच्या वाटेत द्रौपदी पडली, एकेक भाऊ पडला, तो मागे वळला नाही. आणि स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसला. इंद्र म्हणाला, कुत्र्याला इथं जागा नाही. युधिष्ठिरानं कुत्र्याला आत्मा आहे की नाही याची चर्चाच केली नाही. जो विश्वासानं सोबत आला त्याला टाकणं हे पाप, एवढंच त्याचं म्हणणं. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे त्याला नंतर कळलं. अडून बसला तेव्हा ते साधं कुत्रंच होतं.

जुन्नर तालुक्यात आळे म्हणून गाव आहे, पुणे-नाशिक रस्त्यावर. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखानं वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथं आहे आणि लोक आजही तिच्यापुढे हात जोडतात. आमच्याकडे संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांची, म्हणजे संभाजीराजांच्या मुलाची, समाधी आहे. तिच्याजवळच त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही आहे. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं म्हणतात, आणि महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखी दिली. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ या स्कॉटिश अधिकाऱ्यालाही ही हकिगत टिपून ठेवावीशी वाटली. सासूबाईंना एखाद्या रविवारी संगमावर घेऊन या. वाद घालायला नको, नुसत्या फिरायला.

पण या थोरामोठ्यांपेक्षा मला जे समजलं ते खटाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून.

नोकरीला लागून दुसरं की तिसरं वर्ष असेल. पहाटे निरोप आला, बैल बसलाय. जाऊन पाहिलं तर खिल्लार, १९ वर्षांचा, डोळे खोल गेलेले, उठायची ताकद नाही. औषध करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तसं सांगितल्यावर तो म्हातारा 'बरं' म्हणाला आणि गोठ्यातच बसला. बैलाचं तोंड मांडीवर घेतलं. त्याची कारभारीण तांब्यात पाणी आणि तुळशीचं पान घेऊन आली. बैलाला गिळता येत नव्हतं, म्हणून त्यानं बोटं ओली करून त्याच्या जिभेवर फिरवली. मग वेसण कापली. मला म्हणाला, "जाताना बांधलेला नको." डोक्याचा पटका सोडला आणि त्याच्या अंगावर घातला. तासाभरात बैल गेला.

भावकीतल्या सात-आठ जणांनी बांधावरच्या बाभळीखाली खड्डा घेतला. मिठाचं पोतं आणलं, हळद-कुंकू वाहिलं. माती लोटायच्या आधी म्हातारा म्हणाला, थांबा, जोडीदाराला दाखवायचाय. दुसरा बैल दाव्यानं आणला. त्यानं मान खाली घालून हुंगलं, बराच वेळ हुंगलं, फुरफुरला आणि आपणहून वळला. "न्हाई दाखवला तर हुडकत बसतो," म्हातारा म्हणाला. मी तेव्हा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. मनात म्हटलं, अडाणी समजूत. पुढे शहरात आल्यावर दोन-दोन कुत्री असलेल्या घरांत हेच पाहिलं. ज्याला मेलेल्या सोबत्याचा वास घेऊ दिला ते लवकर सावरतं; ज्याच्या नकळत उचलून नेलं ते दिवसेंदिवस दाराशी बसतं, जेवण सोडतं. आता मी स्वतः सांगतो, घरातल्या दुसऱ्या जनावराला एकदा हुंगू द्या.

निघताना म्हाताऱ्यानं मला विचारलं, "डागदर, ह्येच्या रिनातनं सुटलो का म्या?" मला काही बोलता आलं नाही. दहाव्या दिवशी त्यानं वस्तीवरच्या पोरांना लापशी घातली. मला बोलावलं होतं, मी गेलो होतो.

ऋणानुबंध हा शब्द आपण लग्नपत्रिकेत छापून गुळगुळीत करून टाकलाय. त्या माणसाच्या तोंडी तो हिशेबाचा शब्द होता. बैलानं किती ओढलं, मी किती घातलं. माझ्या मते, ताई, टिप्याशी तुमचं जे होतं ते आध्यात्मिक होतं की नव्हतं हे इथंच शोधायचं. तेरा वर्षं रोज पहाटे उठून दार उघडणं, पावसात छत्री धरून फिरवणं, भातात हळद-मीठ न घालता त्याचा वाटा आधी काढणं, शेवटचे दोन महिने मानेच्या कातडीखाली सुई घालून सलाईन सोडणं. देवघरातल्या पूजेत याहून वेगळं काय असतं? हाताला रोजची सेवा लागलेली असते. टिप्या गेला आणि हात मोकळे झाले. तुम्ही लिहिलंय की अजून भात जास्त पडतो. ते दुःख मनाआधी हाताला कळतंय.

हे काही आपल्याच मुलखातलं नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथं १९१४ मध्ये एक जुनी कबर सापडली, सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीची. त्यात एक पुरुष, एक बाई आणि कुत्र्याचं पिल्लू होतं, साधारण सात महिन्यांचं. त्याच्या दातांवरून संशोधकांनी अंदाज बांधला की त्याला डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूचा आजार, झाला होता आणि त्या आजारात ते काही आठवडे तगलं. डिस्टेंपरचं पिल्लू माझ्याकडे येतं तेव्हा मला माहीत असतं की घरच्यांची झोप गेली. नाका-डोळ्यांतून घाण, हगवण, झटके, उकिडवं बसून चमच्यानं पाणी पाजायचं. चौदा हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे केलं होतं, शिकारीला काडीइतक्याही उपयोगाच्या नसलेल्या पिल्लासाठी.

म्हणून 'कुत्रंच होतं' याला उत्तर देत बसू नका. २०१५ साली जपानमधल्या संशोधकांनी मोजलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे मायेचं संप्रेरक वाढतं, आई आणि तान्ह्या बाळाच्या नजरेत वाढतं तेच. हे सासूबाईंना सांगून काही उपयोग होणार नाही, तुमच्यापुरतं ठेवा. आणि त्यांच्याकडे जरा नीट बघा. माझा अनुभव असा, की घरात सगळ्यात कोरडं बोलणारं माणूस दुपारी एकटं असताना त्याच जनावराला आपल्या ताटातलं देत आलेलं असतं. माणूस गेला की भेटायला लोक येतात, सुट्टी मिळते, पिठलं-भाकरीचा डबा येतो. कुत्रं गेलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात जावं लागतं. केनेथ डोका या अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं, ज्याला समाज दुःख म्हणून जागाच देत नाही असं दुःख. जागा मिळाली नाही की ते तुंबतं.

'काही करायचं असतं का' हेच मी आमच्या गल्लीतल्या गुरुजींना एकदा विचारलं होतं, माझी स्वतःची कुत्री गेली तेव्हा. ते म्हणाले, सुतक नाही, सांगितलेलं नाही. पण श्राद्धात पंचबळी काढतो त्यात गायीचा घास असतो, कावळ्याचा असतो, मुंगीचा असतो आणि कुत्र्याचाही असतोच. तो घास तिच्या नावानं काढ, कोण अडवतंय? मला तेवढं पुरलं. तुम्ही त्याला परसात चार फूट खोल पुरलंत ते चांगलं केलंत. खोल पुरणं फार गरजेचं, कारण ते औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणाऱ्या जनावरालाही बाधतं. वर दगड ठेवा, तुळस लावा, दिवा लावावासा वाटला तर लावा. घरी खंडोबा असेल तर चंपाषष्ठीला कुत्र्याला नैवेद्य घालतातच, त्या दिवशी रस्त्यावरच्या कुत्र्याला टिप्याच्या वाट्याचा घाला.

शेजारच्या काकू म्हणाल्या की घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं. हे आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. मी कुणाचं हे खोडत नाही. पण तुमच्या पत्रात दिसतंय की त्यामुळे तुम्ही आणखी एक ओझं उचललंत: यजमानांचा अपघात टळला, म्हणून टिप्या गेला. टिप्याची मूत्रपिंडं त्या अपघाताच्या कितीतरी आधीपासून झिजत होती. हे ओझं खाली ठेवा.

पहाटेचा नखांचा आवाज मी भूत म्हणून उडवणार नाही आणि वेड म्हणून घाबरवणारही नाही. तेरा वर्षं म्हणजे साडेचार हजारांहून जास्त पहाटा तुमच्या कानांनी पाचला तो आवाज ऐकला. कान अजून वाट बघतो आणि फ्रिजचा, पंख्याचा, कशाचाही आवाज घेऊन त्याचा टकटकाट करतो. माणूस गेल्यावरही खोकल्याचा, चपलांचा आवाज ऐकू येणारे खूप असतात. हळूहळू कमी होतो. माझ्या एका पेशंटच्या मालकीणबाई त्या आवाजाला "हो रे, उठले" म्हणायच्या आणि चहा टाकायच्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मात्र झोप अजिबात लागत नसेल, आठवडेच्या आठवडे जेवण जात नसेल, 'मीही जावं' असे विचार येत असतील, तर जनावरांच्या डॉक्टरला लिहू नका, त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगून माणसांच्या डॉक्टरकडे जा, मानसोपचारतज्ज्ञाकडे.

गेलेल्या जनावराशी 'बोलून' पैसे घेऊन निरोप आणून देणारे हल्ली फोटो मागवतात. माझ्याकडच्या दोघांना आलेले निरोप मी वाचलेत: 'मी आनंदात आहे, तू रडू नकोस.' दोन्ही कुत्र्यांचा निरोप एकच. तुम्ही काय ते समजा.

मुलीला खरं सांगा, आणि लवकर. गावाला गेलेला टिप्या परत का येत नाही, मी काय चुकले, हे ती मनात घोळवत असेल. 'झोपवलं' म्हणू नका, मग पोरं झोपायला आणि इंजेक्शनला घाबरतात. टिप्या खूप म्हातारा आणि आजारी होता, त्याचं शरीर थांबलं, तो मेला, आपण त्याला जांभळाखाली ठेवलं. एवढं साधं. ती रडेल, तुम्हीही रडाल, तिला जागा दाखवा. तिला एखादं चित्र किंवा फूल तिथं ठेवू द्या.

नवीन पिल्लाचं आत्ताच नको. यजमान 'सरप्राइज' द्यायच्या बेतात आहेत असं लिहिलंत, त्यांना थांबवा. टिप्याची जागा भरायला आणलेलं पिल्लू रोज टिप्याशी मापलं जातं आणि रोज कमी पडतं. अशी पिल्लं सहा महिन्यांत परत करायला आलेली मी पाहिलीत. कधी आणायचं याचा ठोकताळा नाही. पिल्लाला टिप्याच्या नावानं हाक मारावीशी वाटत नाही, तेव्हा आणा.

शेवटचं तुम्ही विचारलंय की त्याच्या वस्तूंचं काय. न फोडलेल्या सलाईनच्या बाटल्या, सुया आणि मूत्रपिंडाच्या खाण्याची बंद पाकिटं मुदत बघून जवळच्या दवाखान्यात देऊन टाका, महिन्याला दोन-तीन तरी टिप्या तिथं येत असतात आणि ते खाणं महाग असतं. फोडलेली औषधं कुणाला देऊ नका. गादी धुवायची घाई नको. मुलीला तिचा वास घ्यायचा असेल. पट्टा ठेवा. माझ्या कुत्रीचा दवाखान्यात टेबलाच्या खणात आहे, स्टेथोस्कोपच्या शेजारी.